सरळ रेषेत मारलेल्या खुणा

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आमच्याकडे नवीन पेशंट आला की एक फॉर्म भरून घेतात, पुढच्या पानावर काय दुखतंय, कधीपासून दुखतंय, आधी ऑपरेशन झालंय का वगैरे, आणि मागच्या पानावर मनाबद्दलचे नऊ प्रश्न. हा नऊ प्रश्नांचा तक्ता जगभर वापरतात, पीएचक्यू-नाइन म्हणतात त्याला. जुनाट दुखण्यात मन खचतं आणि मन खचलं की दुखणं हटत नाही, म्हणून आमच्या मोठ्या डॉक्टरांनी तो सुरू केला. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप नीट लागते का, भूक लागते का असं करत करत नववा प्रश्न येतो, मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार मनात आले का. प्रत्येकापुढे चार रकाने, ‘अजिबात नाही’ पासून ‘जवळजवळ रोज’ पर्यंत. तर त्या दिवशी एक काका आले, फौजेतून निवृत्त झालेले, कंबरेचं जुनं दुखणं. (त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) फॉर्म भरून त्यांनी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिला, मी मागचं पान बघितलं तर नऊच्या नऊ खुणा ‘अजिबात नाही’च्या रकान्यात, एकाखाली एक, पट्टी लावून मारल्यासारख्या. आणि थोड्या वेळापूर्वीच कंबरेबद्दल बोलता बोलता ते म्हणाले होते की पहाटे तीनला जाग येते ती येतेच, मग उजाडेपर्यंत पडून असतो. तिसरा प्रश्न झोपेचाच होता. तिथेही पेन थांबलं नव्हतं.

त्या खुणा कितीतरी दिवस माझ्या डोळ्यांसमोर होत्या. काका खोटं बोलले असं मला एकदाही वाटलं नाही. त्यांनी तो कागद वाचलाच असेल तर तो वेगळ्याच नजरेने वाचला होता, म्हणजे कुणीतरी तपासायला बसलंय आणि आपल्याला पास व्हायचंय अशा. अशा कागदावर चुकीच्या रकान्यात खूण गेली तर काय काय जातं हे त्या माणसाला आयुष्यभर माहीत होतं.

माझे मामा फौजेत होते. ते सुट्टीवर यायचे तेव्हा घरात बूटपॉलिशचा वास यायचा, काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव, आणि मामा कायम दाराजवळ अंथरूण टाकायचे, उन्हाळ्यात आतल्या खोलीत पंखा असला तरी. त्यांची एक गोष्ट ते फार रंगवून सांगायचे. वार्षिक मेडिकलच्या आधी त्यांचा गुडघा सुजला होता, तर त्यांनी रात्रभर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या, सकाळी दात ओठ खाऊन उठाबशा काढल्या आणि डॉक्टरला पत्ता लागू दिला नाही. पुढे त्यांना प्रमोशन मिळालं. आम्ही पोरं टाळ्या वाजवायचो. आता ती गोष्ट आठवली की पोटात कसंतरी होतं, कारण गुडघ्याच्या बाबतीत जे केलं ते मनाच्या बाबतीतही केलंच असणार, फक्त ते कुणाला रंगवून सांगण्यासारखं नव्हतं.

भारतीय सैन्यात मेडिकल कॅटेगरीला ‘शेप’ म्हणतात, पाच अक्षरांची पाच खाती, कान, हातपाय, एकूण शरीर, डोळे, आणि सगळ्यात पहिलं खातं मनाचं. शेप-वन असलं की सगळं सुरळीत. एक खातं जरी खाली घसरलं तरी माणूस लो मेडिकल कॅटेगरीत जातो आणि मग पोस्टिंग, कोर्स, बढती सगळ्यावर त्याची सावली पडते. यात सैन्याचंही म्हणणं समजतं, हातात शस्त्र असलेल्या माणसाचं मन ठीक आहे ना हे बघायलाच हवं. पण त्याच वेळी त्या माणसाने मोकळेपणी येऊन सांगावं अशीही अपेक्षा असते, आणि या दोन गोष्टी एकाच टेबलावर एकाच डॉक्टरपुढे ठेवल्या की सैनिक काय निवडणार हे उघड आहे. ही अडचण सगळ्याच देशांच्या सैन्यांत आहे. अमेरिकेत ब्रँडन कसेर्टा नावाचा तरुण नौसैनिक २०१८ मध्ये आत्महत्येने गेला, त्याच्या आईवडिलांनी पाठपुरावा केला आणि २०२१ च्या डिसेंबरात त्याच्या नावाचा कायदा झाला. त्यातली तरतूद साधी आहे, सैनिकाने वरिष्ठाला फक्त एवढंच सांगायचं की मला मानसिक तपासणी हवी आहे, कारण सांगायचं नाही, आणि वरिष्ठाने पुढे पाठवायलाच हवं. ‘कारण सांगावं लागत नाही’ एवढ्या एका गोष्टीसाठी आईवडिलांना मुलगा गेल्यावर कायदा करून घ्यावा लागला, हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकले नव्हते.

आपल्याला सगळ्यांना वाटतं की युद्धात जे पाहिलं त्याने माणूस खचतो. मलाही तसंच वाटायचं, आणि काहींच्या बाबतीत ते खरंच असतं, स्फोटाचे आवाज, गेलेले मित्र, हे सगळं पाठ सोडत नाही. पण मोठे अभ्यास बघितले तर चित्र वेगळं दिसतं. अमेरिकेतल्या ३९ लाख सैनिकांच्या नोंदी तपासून २०१५ मध्ये एक अभ्यास आला, त्यात इराक-अफगाणिस्तानच्या मोहिमेवर जाण्याचा आणि आत्महत्येचा थेट संबंध दिसला नाही, संबंध दिसला तो सैन्य सोडण्याशी, त्यातही जे चार वर्षांच्या आत बाहेर पडले त्यांच्यात जास्त. ब्रिटनमध्ये २००९ चा अभ्यास आहे, तिथेही वयाच्या २४ वर्षांच्या आत फौज सोडलेली पोरं सगळ्यात जास्त धोक्यात होती, त्यांच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा दोन ते तीन पट. म्हणजे ज्यांना आपण ‘अरे तू तर फार काही बघितलंच नाहीस’ म्हणतो तीच मुलं. मला यात नवल वाटत नाही. रोज पहाटे कुणीतरी उठवतं, शेजारच्या खाटेवरचा माणूस तुझं नाव, तुझं गाव, तुझ्या बहिणीच्या लग्नाची तारीख सगळं जाणतो, तू नसलास तर हजेरीत लगेच कळतं. आणि एक दिवस कागद हातात मिळतात, गेटबाहेर येतो, आणि त्यानंतर आपण आहोत की नाही हे कुणी मोजतच नाही. घरच्यांचंही त्याच्यावाचून अडत नसतं, ते बिचारे इतकी वर्षं त्याच्याशिवायच जगायला शिकलेले असतात. मग आपण नुसता भार आहोत असं वाटायला कितीसा वेळ लागतो.

म्हणून मला वाटतं की ‘मदत हवी असेल तर या’ हे सैनिकापुरतं तरी उलटं करायला हवं. आपणच जायला हवं.

हे मी माझ्या मनाचं सांगत नाहीये. जेरोम मोटो नावाचे सॅन फ्रान्सिस्कोचे एक मनोविकारतज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते आणि तिथे त्यांना एका मुलीची पत्रं यायची, जिची त्यांच्याशी थोडीशीच ओळख होती. त्या पत्रांत विशेष काही नसायचं, पण कुणीतरी काहीही न मागता आपली आठवण ठेवतंय हे त्यांच्या मनात राहिलं. पुढे डॉक्टर झाल्यावर त्यांनी असे पेशंट निवडले जे नैराश्याने किंवा आत्महत्येच्या विचारांनी हॉस्पिटलमध्ये राहून गेले होते आणि पुढचे उपचार नको म्हणाले होते, असे ८४३ जण. त्यातल्या निम्म्यांना पाच वर्षं अधूनमधून छोटी पत्रं पाठवली, कशी आहे तब्येत, सगळं बरं चाललं असेल अशी आशा आहे, वाटलं तर दोन ओळी लिहा, बस. औषध घ्या नाही, भेटायला या नाही. ज्यांना पत्रं गेली त्यांच्यात आत्महत्या कमी झाल्या, पहिल्या दोन वर्षांत तर ठळकपणे कमी. पाच वर्षांचा हा निकाल २००१ मध्ये छापून आला. पुढे हाच प्रयोग अमेरिकन सैनिकांवर मोबाइलच्या मेसेजने करून बघितला, तिथे निकाल एवढा स्वच्छ आला नाही, मुख्य मोजमापात फरक दिसला नाही पण वर्षभरात जीव द्यायचा प्रयत्न केलेले कमी निघाले. मला हे प्रामाणिकपणे सांगावंसं वाटतं कारण या विषयात कुणी जादूची कांडी विकायला लागलं की मला भीती वाटते. तरी पण पत्राचा खर्च तो किती. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या खात्याने २०१९ पासून सैन्य सोडलेल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षात तीन वेळा स्वतःहून फोन करायला सुरुवात केली आहे, त्याने काही मागितलेलं नसताना. हेच ते पहिलं वर्ष, जे सगळ्यात नाजूक असतं.

तर काका पुढच्या वेळी आले. मी आमच्या डॉक्टरांशी आधी बोलून घेतलं होतं की हे असं असं आहे आणि मी विचारणार आहे. टेबलावर ते पालथे झोपले होते, मी कंबरेला शेक देत होते, चेहरा एकमेकांना दिसत नव्हता आणि मला वाटतं त्याने दोघांनाही बरं पडलं. झोपेवरून सुरुवात झाली. मग मी विचारलं, “काका, पहाटे जाग येते तेव्हा जीव द्यावा असा विचार येतो का?” अगदी याच शब्दांत. आम्हाला ट्रेनिंगमध्ये एक गोष्ट फार छान सांगितली होती की ‘तसलं काही मनात नाही ना?’ असं कधीच विचारायचं नाही, कारण त्या प्रश्नात आपण उत्तर आधीच देऊन ठेवतो, समोरच्याला कळतं की या बाईला ‘नाही’ ऐकायचंय आणि तो ते देऊन टाकतो. आणि असं थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात येईल ही भीती तर किती लोकांना असते, घरच्यांना असते, डॉक्टरांनाही असते. अनेक अभ्यासांत हे तपासलं गेलंय, विचारण्याने विचार येत नाही, उलट बऱ्याच जणांना हलकं वाटतं. काका काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “मरायचं नाहीये ताई. पण सकाळी डोळे उघडले नाहीत तर बरं, असं वाटतं कधी कधी.” आणि लगेच पुढे, “हे कुठं लिहू नका.”

लिहिणार हे मी त्यांना सांगितलं. कुणाला दाखवणार, कशाला दाखवणार आणि कुणाला दाखवणार नाही हेही सांगितलं. पेन्शनचा, नोकरीचा याच्याशी संबंध नाही हे त्यांना तीनतीनदा ऐकायचं होतं. मग डॉक्टर आले, त्यांनी सावकाश सगळं विचारलं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आणि काकूंना बोलावून घेतलं. काकूंना काहीच माहीत नव्हतं असं नाही. त्या म्हणाल्या, यांना तीनला जाग येते तेव्हा मीही जागीच असते.

यातली एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण ती बोलायला सगळे कचरतात. निवृत्तीनंतर काका सिक्युरिटीच्या कामाला होते, त्यामुळे घरात परवान्याची बंदूक होती. डॉक्टरांनी तिच्याबद्दल विचारलं तेव्हा काका पहिल्यांदा चिडले. फौजी माणसाला शस्त्र बाजूला ठेव म्हणणं म्हणजे तुझ्यावर भरवसा राहिला नाही असं म्हणण्यासारखंच वाटतं त्याला. पण डॉक्टरांनी त्यांच्याच भाषेत बोलणं केलं, की हा माणसावरचा अविश्वास नाही, ही वाईट रात्रीसाठीची तयारी आहे, काही महिन्यांपुरती. बंदूक रीतसर जमा झाली. हे इतकं महत्त्वाचं का, तर जीव द्यायच्या विचाराची ती लाट बहुतेकांच्या बाबतीत थोडाच वेळ टिकते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काय आहे यावर सगळं ठरतं. अमेरिकेत २०२२ मध्ये ६,४०७ माजी सैनिक आत्महत्येने गेले, त्यात जवळपास चारातल्या तिघांच्या हाताशी बंदूक होती. इस्राएलच्या सैन्यात तरुण सैनिक सुट्टीला घरी जाताना रायफल सोबत न्यायचे. २००६ मध्ये नियम बदलला, सुट्टीला जाताना शस्त्र तळावर ठेवून जायचं, एवढंच. त्या वयाच्या सैनिकांतल्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाल्या, आणि कमी झाल्या त्या मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतल्या. त्या इतर दिवसांकडे सरकल्या असंही झालं नाही. कुणाचं दुःख कमी झालं नव्हतं, कुणाच्या घरची भांडणं मिटली नव्हती, फक्त माणूस आणि शस्त्र यांच्यात थोडं अंतर पडलं आणि तेवढ्यात ती वेळ टळली. मी हे वाचल्यापासून ‘ज्याला जायचंय तो जाणारच’ हे वाक्य कुणी उच्चारलं की मला राग येतो. साफ राग. हे वाक्य खरं नाही आणि ते बोलून आपण फक्त स्वतःला मोकळं करतो.

दुसरी गोष्ट एका कार्डाची. आपल्याकडे कुणी असं काही बोललं की आपण त्याला शपथ घालतो, माझी शपथ आहे, पोरांची शपथ आहे, काही करणार नाहीस म्हण. डॉक्टर लोकही बरीच वर्षं असंच वचन लिहून घ्यायचे. कोलोरॅडोतल्या फोर्ट कार्सन या लष्करी तळावर ९७ सैनिकांवर याचीच तुलना झाली, काहींकडून वचन घेतलं, आणि बाकीच्यांबरोबर बसून एक कार्ड लिहिलं, की माझं बिघडायला लागलं हे मला कशावरून कळतं, तेव्हा मी एकटा काय करू शकतो, कुणाला फोन करायचा, त्यानेही नाही भागलं तर कुठे जायचं. सहा महिन्यांत कार्डवाल्यांमधले आत्महत्येचे प्रयत्न ७६ टक्क्यांनी कमी होते. शपथेत काय करायचं नाही ते असतं, पण त्या घटकेला माणसाला काय करायचं ते हवं असतं. आणि ते स्वतःच्या अक्षरात हवं, कारण त्या वेळी डोकं चालत नाही, वाचता तेवढं येतं. काकांचं कार्ड त्यांनी स्वतः लिहिलं, सुवाच्य, प्रत्येक ओळीला नंबर घालून. पहिल्या ओळीत ‘जाग आली तर अंथरुणात पडून राहायचे नाही, उठून बाहेर बसायचे’, पुढे त्यांच्या पलटणीतल्या एका दोस्ताचं नाव. तो दोस्त कधीही फोन उचलतो म्हणाले. त्याला आधी विचारून घ्या असं डॉक्टरांनी सांगितलं तर त्यांनी तिथूनच फोन लावला, आणि मी पहिल्यांदा त्यांना मोठ्याने बोलताना ऐकलं.

आता आमच्या बाजूचं. मी सायकॉलॉजी शिकलेले नाही, आमच्यातले बहुतेक जण नाहीत, आणि तरीही अशा माणसांना सगळ्यात आधी भेटतो ते आम्हीच, कंबरवाले, गुडघेवाले, दातवाले, शुगर तपासणारे. मनाच्या डॉक्टरकडे फौजी माणूस आपणहून जाईल तेव्हा जाईल, कंबर दुखली तर तो येतोच. अमेरिकेत एक सोय आहे जिचा मला हेवा वाटतो. माजी सैनिकावर उपचार करणारा कुणीही, सरकारी असो की खाजगी, आत्महत्येच्या जोखमीबद्दल अडला तर तिथल्या माजी सैनिक खात्याच्या तज्ज्ञांशी फुकट सल्लामसलत करू शकतो. म्हणजे तो एकटा नाही. आपल्याकडे डॉक्टरांच्या मनात अजून पोलिसांची धास्ती असते, खरं तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र तणावाखाली होता असंच धरायचं आणि सरकारने त्याची काळजी घ्यायची, असं स्पष्ट लिहिलंय. पण धास्ती कायद्याने एका दिवसात जात नाही.

आणि ज्यांचा पेशंट जातो त्यांचं काय. माझी एक मैत्रीण मानसोपचारतज्ज्ञ आहे, तिचा एक पेशंट गेला, तोही माजी सैनिकच. ती म्हणाली की ज्याने त्याने येऊन फाइल पूर्ण आहे ना एवढंच विचारलं. तू जेवलीस का हे कुणी विचारलं नाही. तिने रजा घेतली नाही, दुसऱ्या दिवशी ओपीडी केली, आणि कितीतरी दिवस तो प्रश्न विचारताना तिचा आवाज बारीक होत होता असं ती सांगते, कारण आता तिला ‘हो’ची भीती बसली होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. विचारणारा घाबरला की त्याचाही प्रश्न ‘तसं काही नाही ना’ असाच व्हायला लागतो आणि पुढचा फौजी नऊ खुणा सरळ मारून निघून जातो. तिला सावरलं ते तिच्या एका सीनियर मॅडमनी, ज्यांनी स्वतःचा असाच गेलेला पेशंट तिला पहिल्यांदा सांगितला. हॉस्पिटलांमध्ये हे नशिबावर का सोडायचं? मोठं ऑपरेशन बिघडलं तर बैठक होते, मग या बाबतीतही, चौकशीच्या आधी, त्या डॉक्टरबरोबर कुणीतरी तासभर बसण्याची पद्धत का नसावी?

मदतीचे नंबर आपल्याकडे आहेत, पण ते फौजेतून आलेल्या माणसापर्यंत आणि त्याच्या घरच्यांपर्यंत पोचलेले नाहीत असं मला रोज दिसतं. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं. सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी टेली-मानसचा वेगळा कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीमध्ये, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात, सुरू केला होता. तुमचं कुणी अमेरिकेत असेल तर तिथे ९८८ लावून १ दाबलं की माजी सैनिकांची लाइन लागते, ती २००७ पासून चालू आहे. जीवाला लगेच धोका दिसत असेल तर फोनवर थांबू नका, माणसाला एकटं सोडू नका आणि जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत सोबत घेऊन जा. आणि फोन सैनिकानेच केला पाहिजे असं अजिबात नाही, बायकोने करावा, मुलीने करावा, पलटणीतल्या दोस्ताने करावा, आमच्यासारख्या शेक देणाऱ्यांनीही करावा. काय बोलायचं हे आधी ठरवून ठेवायची गरज नसते, ‘आमच्या घरात फौजेतून आलेला माणूस आहे आणि मला त्याची काळजी वाटतेय’ एवढं सांगितलं की पुढचे प्रश्न ते विचारतात.